३० सप्टेंबरच्या पटावर नसलेली मुलं

दिवाळी आटोपली, की छत्तीसगडकडून येणाऱ्या गाड्यांतून नागपूरच्या इतवारी स्टेशनवर कुटुंबंच्या कुटुंबं उतरू लागतात. डोक्यावर गाठोडं, हातात गंज-पातेल्यांची पिशवी, कडेवर लेकरू. काही जण शहरातल्या मजुरांच्या ठिय्यावर उभे राहतात आणि बांधकामावर लागतात. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली, बायको रेजा म्हणून. काहींना मुकादमानं आधीच उचल दिलेली असते, ते सरळ कामठी, मौदा, पारशिवनीकडच्या विटभट्ट्यांवर जातात. बालाघाट, शिवनीकडचे आणि आपल्याच गोंदिया-भंडाऱ्याचेही लोक त्यांत असतात. धान कापून झालेलं असतं, पुढचा पाऊस पडेपर्यंत गावात हाताला काम नसतं. मुलं सोबत येतात, आणि त्यांची नावं मागे गावच्या शाळेच्या हजेरीपटावर राहतात.

ही मुलं शाळेत मागे का पडतात, यावर मानेवाड्याकडच्या एका घरात मावशी-भाच्याचा वाद बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. मावशी महापालिकेच्या पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. भाचा बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांचे वर्ग घेणाऱ्या एका संस्थेत काम करतो. मुलांविषयीची कळकळ दोघांनाही सारखीच आहे. जमत नाही ते दुखणं कुठे आहे यावर.

"बाहेरून आलं म्हणून मूल मागे पडतं, हे मला मुळातच मान्य नाही," मावशीचा पहिला मुद्दा असतो. "अरे, हे नागपूर बाहेरून आलेल्यांनीच तर वाढवलं. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याच्या आगेमागे रेल्वे आली. मजूर, बाबू, वकील सगळे कुठून कुठून आले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू कोण? बिपिनकृष्ण बोस. बंगालातून आलेला माणूस! मोमीनपुऱ्यातले विणकर उत्तरेतून आले, त्यांनी आपल्या उर्दू शाळा टिकवल्या. फाळणीनंतर सिंधी मंडळी नेसत्या वस्त्रांनिशी आली, जरीपटक्यात वसली, आणि त्यांनी तिथे शाळा काढल्या. शंकरनगरात दक्षिण भारतीयांचं सरस्वती विद्यालय आहे. यांच्यातल्या कोणाच्या घरी मराठी होती? तरी पोरं शिकली, डॉक्टर-इंजिनियर झाली. घर एकदा बसलं आणि आईबापांनी मनावर घेतलं, की मूल शिकतं."

भाचा हे सगळं कबूल करतो, आणि तिथूनच आपला मुद्दा काढतो. "मावशी, तू सांगितलेली सगळी माणसं इथे राहायला आली होती. बोस वकिली करायला आले. सिंधी आले ते लुटले जाऊन आले, पण व्यापाराचं ज्ञान, हिशेब, जातभाईंची संघटना बरोबर घेऊन आले. सरकारनंही त्यांना निर्वासित म्हणून जागा दिली, वसाहत दिली. म्हणजे शाळा काढायची ताकद त्यांच्याकडे होती. माझ्या वर्गातल्या मुलाचा बाप दिवाळीला येतो आणि मिरगाला परत जातो. त्याला नागपुरात घर बसवायचंच नाहीये, त्याचं घर छत्तीसगडात मुंगेलीला आहे. तो शाळा काढणार कुठे?"

आकडे त्याच्या बाजूचे आहेत. युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच स्थलांतर आणि शिक्षण हा होता. त्यात भारताविषयी म्हटलं आहे, की २०१३ मध्ये ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुलं अशा ग्रामीण घरांत राहत होती, जिथलं कुणी ना कुणी हंगामी कामासाठी बाहेर जातं. अशा घरांतल्या १५ ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी २८ टक्के एक तर निरक्षर होती किंवा त्यांची प्राथमिक शाळाही पुरी झालेली नव्हती. त्या वयाच्या सगळ्या मुलांत हेच प्रमाण १८ टक्के होतं.

मावशी परदेशातले दाखले काढते. तिच्या मैत्रिणींची नातवंडं अमेरिकेत आहेत, तिथल्या स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय घरांतली मुलं कशी वर्षानुवर्षं पहिली येतात, हे ती अभिमानानं सांगते. "ती पण परक्या मुलखात गेलेल्यांचीच पोरं ना? परकी भाषा, परकी शाळा. तरी पहिली येतात."

"कारण व्हिसाच्या चाळणीतून कोण जातं ते बघ," भाचा म्हणतो. "आई इंजिनियर, बाप इंजिनियर, घरात पुस्तकांचं कपाट. पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, पंधरा वर्षांच्या मुलांची. त्यात कॅनडा-ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्यांची मुलं स्थानिक मुलांच्या बरोबरीनं गुण मिळवतात, कारण हे देश माणसं शिक्षण बघून आत घेतात. आता जर्मनी घे. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कारखान्यांसाठी मजूर आणले. नाव दिलं 'पाहुणे कामगार'. पाहुणा आज ना उद्या जाणारच, मग त्याच्या पोरांसाठी शाळेत वेगळं काही करायचं कशाला? पाहुणे गेले नाहीत. पोरं तिथेच वाढली. तिथल्या बहुतेक प्रांतांत दहाव्या वर्षीच मुलांची वाटणी होते, कोण विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळेत आणि कोण कामगार घडवणाऱ्या शाळेत. घरी तुर्की बोलणारी पोरं दुसऱ्या रांगेत गेली. २००१ च्या डिसेंबरात पहिल्या पिसा चाचणीचे निकाल लागले, तेव्हा सगळा देश हादरला. आपण भट्टीवरच्या पोराला तसंच पाहुणा समजतो. चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, जाईल निघून!"

"आणि लंडन?" मावशीनंही वाचलेलं असतं. "टॉवर हॅम्लेट्स. सिल्हेटहून आलेले बांगलादेशी, कपड्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत राबणारे. त्यांना कुठली व्हिसाची चाळणी होती? १९९७ च्या सुमारास तो भाग इंग्लंडातल्या शिक्षणाच्या यादीत तळाला होता. आज तिथली बांगलादेशी मुलं सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत. बघ, आईबापांनी धरून ठेवलं की होतं."

"आईबाप तेच होते मावशी, १९९७ लाही आणि नंतरही. बदलली ती शाळा. पैसा आला, चांगले शिक्षक टिकवले, २००३ पासून 'लंडन चॅलेंज' सारखी मोहीम राबवली, घरच्या भाषेत बोलणारी माणसं शाळेत नेमली."

इथे मावशी थोडी थांबते. पण सोडत नाही. "ठीक आहे, शाळा बदलली. पण मूल शाळेत होतं म्हणून ना? मी पोरांना शिकवायला तयार होते रे. पोरगं वर्गात तर पाहिजे! भादव्यात तीजाला छत्तीसगडी बाया माहेरी जातात, लेकरं सोबत जातात, परत येईस्तोवर पंधरवडा. मग धानकापणीला पुन्हा गावी. मग कुणाचं लग्न. जे मूल वर्षातनं अर्धं वर्ष डोळ्यांना दिसत नाही, त्याला मी गुणाकार शिकवू कधी आणि भागाकार कधी?"

मावशीची ही तक्रार खरी आहे, पण ती शहरात टिकून राहिलेल्या मजुरांच्या मुलांविषयी आहे. भट्टीवरच्या मुलाचं वर्ष याहून वेगळं मोडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात तो येतो, मे-जूनमध्ये जातो. म्हणजे दुसरं सत्र सगळं बुडतं. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, तेव्हा तो भट्टीवर. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि फेरपरीक्षेत नापास झालेल्यांना त्याच वर्गात बसवण्याची तरतूद आणली. गोंदियाहून आलेलं पाचवीतलं पोर त्या परीक्षेच्या दिवसांत गावापासून दीडशे किलोमीटरवर असतं.

आणि भट्टीवर ते नुसतं बसून नसतं. मजुरी विटांच्या हजारावर मोजली जाते. ऊन टाळायला काम मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुरू होतं. बाप चिखल तुडवतो, आई साच्यात भरते, साचा पालथा घालून ओली वीट जमिनीवर काढते. विटांच्या ओळीच्या ओळी पसरतात. वरची बाजू सुकली की प्रत्येक वीट उलटवावी लागते, आणि हे काम लहान मुलांच्या वाट्याला येतं, कारण ती अंगानं हलकी असतात, अर्ध्या ओल्या विटांमधून चालली तरी वीट दबत नाही. आठ वर्षांची मुलगी उकिडवी बसून दोन्ही हातांनी वीट उलटवत ओळीनं पुढे सरकते, तिच्यामागे धाकटा भाऊ. तिनं हे केलं नाही तर आईला करावं लागतं, आणि आईचा साचा तेवढा वेळ बंद राहतो. घेतलेली उचल त्या हजारांतूनच फिटणार असते. युनेस्कोच्या त्याच अहवालात पंजाबातल्या भट्ट्यांची पाहणी दिली आहे: तिथे राहणाऱ्या ५ ते १४ वयाच्या मुलांपैकी ६५ ते ८० टक्के मुलं रोज सात ते नऊ तास काम करत होती.

"मग अशा ठिकाणी मुलाला नेऊच नये," मावशी ठामपणे म्हणते. "ऊसतोड कामगारांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं केली, तशी करावीत. मूल गावातच राहील, त्याच शाळेत जाईल, आजी-आजोबा बघतील."

"मोठ्यांसाठी चालेल," भाचा म्हणतो. "सहा-सात वर्षांच्या पोराला आई सोडून येईल? आणि मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळायला तीच लागते. साखर कारखान्यांवर पूर्वी साखरशाळा चालायच्या, त्या याच कारणासाठी. आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे, मूल एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की ते दाखवून शाळेत बसायचं. पण ते महाराष्ट्राचं. मुंगेलीच्या पोराच्या हातात ते कोण देणार? रेशनकार्ड आता देशभर चालतं. २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. बापाला तांदूळ नागपुरात मिळू शकतो, आणि पोराची इयत्ता मात्र गावी राहते."

कायद्यात उणीव नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम ४ म्हणतं, शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. कलम ५ म्हणतं, टीसी आली नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १४ नुसार वयाचा दाखला नाही म्हणूनही नाही. आणि कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. म्हणजे भट्टी ज्या गावाच्या शिवारात, तिथल्या पंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं; बांधकाम ज्या प्रभागात, तिथल्या महापालिकेचं.

एवढं असूनही मूल वर्गाबाहेर का राहतं, याचं उत्तर मात्र भाच्याकडून येत नाही, मावशीकडून येतं. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून जे दिसतं, ते तिला ठाऊक आहे.

"तू शाळांना नावं ठेवतोस ना, मग ऐक. ३० सप्टेंबर ही आमची तारीख. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. युडायसच्या सरकारी नोंदीत त्याच तारखेची मुलं भरायची. पुढच्या वर्षीची पुस्तकं त्याच आकड्यावर. शिवाय आता आधार जुळलेलं मूलच मोजतात. तीस सप्टेंबरला हे मूल गावी असतं, धान उभं असतं शेतात. गावच्या शाळेनं ते मोजलं. डिसेंबरात ते माझ्या दारात येतं. मी घेतलं, तर त्याच्यासाठी शिक्षक नाही, पुस्तक नाही. आहे त्या बाईंच्या वर्गात वेगवेगळ्या इयत्तांची, वेगळी भाषा बोलणारी मुलं वाढतात. मेच्या सुट्टीनंतर ते दिसत नाही, म्हणजे कागदावर माझ्या शाळेची गळती वाढते. कुठला मुख्याध्यापक मनापासून दार उघडेल? आणि जो उघडतो, तो स्वतःच्या जिवावर उघडतो. असे शिक्षक मी पाहिलेत, पदरचे पैसे घालून वह्या आणणारे."

भाचा यावर बराच वेळ काही बोलत नाही. मग तो मोजणीचीच दुसरी बाजू मांडतो. शाळाबाह्य मुलांचं राज्यव्यापी एकदिवसीय सर्वेक्षण महाराष्ट्रात झालं ते ४ जुलै २०१५ रोजी. 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' राबवलं ते ५ ते २० जुलै २०२२ या काळात. दोन्ही जुलैत. "जुलैत भट्ट्यांवर पाणी साचलेलं असतं, मावशी. मुलं गावी रोवणीला. पावसाळ्यात विटभट्टीवर जाऊन शाळाबाह्य मुलं शोधली, तर सापडणार कोण?"

इथे दोघांचं पहिल्यांदा जुळतं, आणि लेखकालाही या वादातला सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच वाटतो. जरीपटक्यातलं मूल आणि भट्टीवरचं मूल यांच्यात बुद्धीचा फरक नाही, आईबापांच्या इच्छेचाही नाही. फरक असा, की एकाला मोजणारी शाळा बाराही महिने एकच होती, आणि दुसऱ्याला सप्टेंबरात एक शाळा मोजते आणि जानेवारीत कुणीच मोजत नाही. जे पटावर नाही त्याच्यासाठी शिक्षक मंजूर होत नाही, आणि ज्याच्यासाठी शिक्षक नाही ते मागे पडलं की आपण त्याच्या घराला बोल लावतो.

भाषेवर मात्र दोघं पुन्हा भिडतात.

मावशीचं म्हणणं, महाराष्ट्रात राहायचं तर पहिलीपासून मराठी. २०२० च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, ते योग्यच झालं. "पोलीस भरती असो, तलाठ्याची परीक्षा असो, मराठीवाचून अडतं. छत्तीसगडी पोरं सहा महिन्यांत मराठी बोलायला लागतात, मी पाहिलंय. तीन पिढ्यांपूर्वी आलेल्यांची नातवंडं आज माझ्याहून चांगलं नागपुरी बोलतात."

"बोलायला लागतात, बरोबर. पण बोलणं आणि शिकणं यांत अंतर आहे," भाचा म्हणतो. कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडलं आहे: नव्या भाषेत रोजचं बोलणं मूल साधारण दोन वर्षांत उचलतं, पण त्या भाषेत पाठ्यपुस्तक समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात. भाचा कळमन्याच्या बाजारात आईसोबत भाजी घेणाऱ्या एका पोराचं सांगतो. पन्नासची नोट दिली, अठराची भाजी, किती परत यायला पाहिजेत, हे तो भाजीवाल्याच्या आधी सांगतो. त्याच्यासमोर तेच गणित पुस्तकातून ठेवलं, चार ओळींचं, मराठीत, तर तो गप्प बसतो आणि शिक्षक शेरा लिहितात: गणितात कच्चा. "शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा असं आहे. केरळनं एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये 'रोशनी' उपक्रम सुरू केला. बंगाली, हिंदी, ओडिया येणारे स्वयंसेवक नेमले, मुलाच्या भाषेतून मल्याळमकडे हळूहळू नेलं, सकाळची न्याहारी दिली. मजुरांची मुलं तिथल्या दहावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाली, तीही मल्याळममधून."

"केरळातले मजूर वर्षभर राहतात रे राजा," मावशी लगेच पकडते. "प्लायवूडचे कारखाने पावसात बंद पडत नाहीत. तुझं भट्टीवरचं पोर सहा महिन्यांसाठी आलेलं. त्याला मराठीकडे नेईपर्यंत ते गेलं. मग त्याला हिंदीच शिकव, म्हणजे गावी जाऊन पुढचा धडा तरी कळेल."

"मग तेच म्हणतो ना मी! भट्टीवरच्याला त्याच्या गावचं पुस्तक इथे द्या. शहरात राहिलेल्याला हिंदीतून मराठीकडे न्या. दोन मुलं वेगळी आहेत."

"आणि हे कोण ठरवणार? ज्याचा बाप यंदा जाणार, पुढच्या वर्षी राहणार, त्याचं काय? महापालिकेच्या हिंदी शाळा शहरात आहेत, भट्ट्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांच्या हद्दीत. तिथे हिंदी शिकवणारे शिक्षक आणणार कुठून?"

राज्य सरकारच्या १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयानं पहिलीपासून हिंदी आली, २९ जूनला तो निर्णय मागे घेतला गेला, आणि मधले अडीच महिने राज्यभर भाषेवरून रान उठलं. त्या सगळ्या चर्चेत ज्या मुलाची घरची भाषा छत्तीसगडी आहे, वर्गातली मराठी आहे आणि गावच्या पुस्तकातली हिंदी, त्याचा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. मावशी-भाच्याच्या भांडणात निदान तो विचारला जातो.

शेवटी दोघांनी मिळून शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन लिहायला घेतलं. पहिला मुद्दा मावशीनं सांगितला: ३० सप्टेंबरसोबत ३१ जानेवारीलाही पट मोजावा, आणि त्या वाढीव पटावर शाळेला हंगामापुरता शिक्षक आणि पुस्तकं मिळावीत, हंगाम संपल्यावर गावी गेलेलं मूल त्या शाळेची गळती म्हणून धरू नये. दुसरा भाच्याचा: शाळाबाह्य मुलांचा शोध डिसेंबर-जानेवारीत भट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाऊन घ्यावा, आणि छत्तीसगड व मध्य प्रदेशाशी बोलून हमी कार्ड तिन्ही राज्यांत चालेल असं करावं. तिसऱ्यावर दोघांचंही एकमत झालं: एप्रिलमध्ये भट्टीवर असलेल्या पाचवी-आठवीच्या मुलांना जवळच्या शाळेत परीक्षेला बसू द्यावं. चौथा मुद्दा भाषेचा. त्यावर मावशीनं दोनदा लिहिलेलं भाच्यानं दोनदा खोडलं. अखेर त्या जागी दोघांची दोन मतं एकाखाली एक लिहिली गेली, मावशीचं पहिलीपासून मराठीचं आणि भाच्याचं घरच्या भाषेतून सुरुवात करण्याचं, आणि खाली एक विनंती: निर्णय घेण्याआधी अधिकाऱ्यांनी जानेवारीत एकदा भट्टीवर यावं, सकाळी सातच्या आत, कारण नंतर मुलं विटा उलटवून दमून झोपलेली असतात.

ते वाचून झाल्यावर मावशीनं आणखी एक ओळ घालायला लावली: येताना जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनाही सोबत आणावं, त्यांनाही बोलायचं असेल.